पुण्यात बसून ध्रुवावरचा ओझोन मोजायचा, तर

ऑगस्ट सरत आला की आमच्या विभागात एमएस्सीच्या प्रकल्पांचे विषय वाटायला सुरुवात होते, आणि दरवर्षी कुणीतरी दारात उभं राहून म्हणतं, "सर, ओझोनच्या छिद्रावर काहीतरी करायचंय." विषय सोपा वाटतो, कारण अंटार्क्टिकावरचा तो जांभळा-निळा डाग सगळ्यांनी पाहिलेला असतो. तोच डाग मूळ आकड्यांपासून स्वतः काढायला बसलं की तीन आठवडे कुठे गेले कळत नाही. पहिल्या भेटीत दोन तास मी जे बोलतो, ते एकदाचं लिहून काढलंय.

लागतं काय? साधा लॅपटॉप, बरं इंटरनेट, पायथनची तोंडओळख आणि चिकाटी. वेळापत्रकही सोयीचं आहे. इकडे गणपती बसतात त्या सुमारास तिकडे छिद्र मोठं व्हायला लागलेलं असतं, आणि नवरात्र-दिवाळीच्या दरम्यान त्यातला ओझोन तळाला जाऊन वर यायला लागतो. म्हणजे प्रकल्प चालू असतानाच ताजा डेटा येत राहतो.

पुण्यातून हे काम करायला आणखी एक निमित्त आहे. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस आपण रोज ओलांडतो. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं, म्हणून चौकाला ते नाव पडलं. के. आर. रामनाथन याच खात्यात पुण्याला होते. पुढे ते अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे अध्यक्षही. अ‍ॅना मणी यांनीही पुण्याच्याच वेधशाळेत उपकरणं घडवली. फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं भारतीय बनावटीचं यंत्र, ओझोनसाँड, १९६० च्या दशकात त्यांच्या गटाने तयार केलं. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याने ओझोन मोजायला घेतला तर ते घरचंच काम आहे.

आता मुद्द्याचं. दुरून ओझोन मोजणारं प्रत्येक यंत्र मुळात उजेड मोजतं. ओझोन आपण त्या उजेडावरून हिशेबाने काढतो. आणि ध्रुवांकडे नेमकी उजेडाचीच बोंब असते. सूर्य क्षितिजाला चिकटलेला, मग दोन-चार महिने गायबच, खाली डोळे दिपवणारं बर्फ. म्हणून या प्रकल्पात कुठलीही किंमत हाती आली की पहिला प्रश्न एकच: ही कोणत्या उजेडात मोजली? माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न एव्हाना झोपेतही ऐकू येत असेल.

आधी गच्चीवर जा

संगणक उघडण्याआधी एका निरभ्र संध्याकाळी गच्चीवर किंवा हनुमान टेकडीवर जा. पावसाळा संपेपर्यंत थांबावं लागेल, पण हे टाळू नका. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी पश्चिमेचा लाल रंग सोडून थेट डोक्यावर बघा. आकाश गडद निळं दिसेल. दिवसाचा निळा रंग हवेच्या रेणूंनी विखुरलेल्या उजेडाचा असतो. मावळतीनंतर डोक्यावरचा निळा मात्र मुख्यतः ओझोनमुळे टिकतो. त्या वेळी सूर्याचे किरण ओझोनच्या थरातून तिरपे, फार लांबचा प्रवास करून येतात आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग खाऊन टाकतो. साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधल्या या शोषणाला शापुई पट्टा म्हणतात. तो इतका क्षीण आहे की भरदुपारी जाणवतही नाही. संधिप्रकाशात वाट लांबल्यामुळे तो उठून दिसतो.

ध्रुवांवर जमिनीवरून ओझोन मोजायची एक मुख्य पद्धत हीच. साओझ नावाचं फ्रेंच यंत्र १९८० च्या दशकाच्या शेवटी खास यासाठी बनवलं गेलं. ते सरळ डोक्यावर बघतं आणि सूर्य शिरोबिंदूपासून ८६ ते ९१ अंशांवर असताना नोंदी घेतं. सूर्य ९० अंशांवर, म्हणजे क्षितिजाला टेकलेला असताना उजेडाने ओझोनच्या थरातून कापलेलं अंतर उभ्या अंतराच्या सोळा-सतरा पट असतं. आता गणित करा. विषुवदिनी पुण्यात सूर्याला हे पाच अंश उतरायला जेमतेम २१ मिनिटं लागतात. मैत्री या आपल्या अंटार्क्टिक तळावर, सुमारे ७०.८ अंश दक्षिणेला, त्यालाच तास लागतो. आणि प्रत्यक्ष ध्रुवावर? सूर्य तिथे दिवसाला ०.४ अंशच सरकतो, म्हणजे बारा-तेरा दिवस. पुण्याची संध्याकाळ चहा संपायच्या आत संपते, तिथली पंधरवडाभर पुरते. हा फरक डोक्यात एकदा बसला की पुढच्या निम्म्या चुका टळतात.

एकक आणि त्याच्या खाचाखोचा

डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून शून्य अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला पसरला, तर त्याचा थर किती जाड होईल? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला एक डॉबसन एकक म्हणतात. ३०० डॉबसन म्हणजे ३ मिलिमीटर, दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवावीत जवळपास तेवढं. ऑक्सफर्डच्या डॉबसन यांनी १९२० च्या दशकात बनवलेल्या वर्णपटमापकावरून हे नाव आलं.

छिद्राची सीमा २२० डॉबसनला धरतात, कारण १९७९ च्या आधीच्या अंटार्क्टिक नोंदींत याच्याखाली किंमत गेलेली नव्हती. ही सीमा तिथलीच आहे. पुण्यावर ओझोन साधारण २५० ते २८० असतो, विषुववृत्ताच्या आसपास हिवाळ्यात तो आणखी उतरतो, आणि तरीही इथे कसलंही छिद्र नसतं. म्हणून मोजणी नेहमी ४० अंश दक्षिणेच्या खालीच करायची. सगळ्या पृथ्वीवर २२० ची चाळण लावून "उष्ण कटिबंधातही छिद्र सापडलं" असं सांगायला माझ्याकडे आजवर दोघं येऊन गेलेत.

दुसरी खाच ट्रोपोमीची. युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं हे यंत्र ऑक्टोबर २०१७ पासून वर आहे आणि त्याचा पिक्सेल जेमतेम साडेपाच बाय साडेतीन किलोमीटरचा. पण त्याच्या फाइलमध्ये ओझोन डॉबसनमध्ये नसतो, दर चौरस मीटरला किती मोल असा असतो. २२४१ ने गुणा, की डॉबसन मिळतात. गुणलं नाही तर सगळ्या किमती ०.१ च्या घरातल्या आणि सगळी पृथ्वी छिद्रात.

कोणतं यंत्र निवडायचं

अमेरिकेच्या ऑरा उपग्रहावरचं ओएमआय (२००४ पासून), त्यानंतरची ओएमपीएस मालिका आणि ट्रोपोमी ही तिन्ही खाली बघतात. हवेने आणि बर्फाने परत वर फेकलेला अतिनील उजेड ती मोजतात. ३१० ते ३५० नॅनोमीटरच्या दरम्यान, ज्याला हगिन्स पट्टा म्हणतात, तिथे जवळजवळच्या दोन लहरींपैकी एक ओझोन जास्त शोषतो आणि एक कमी. त्या दोन्हींच्या गुणोत्तरावरून उभ्या स्तंभातला एकूण ओझोन निघतो. नकाशा सुंदर येतो, पण सूर्य नसेल तिथे काहीच येत नाही.

ऑरावरच एमएलएस नावाचं दुसरं यंत्र आहे. ते पृथ्वीच्या कडेला, हवेच्या थरांकडे आडवं बघतं आणि ओझोनचे रेणू स्वतःहून सोडतात त्या सूक्ष्मलहरी टिपतं, ओझोनसाठी मुख्यतः २४० गिगाहर्ट्झच्या आसपास. याला सूर्य लागत नाही. भर ध्रुवीय रात्रीतही ८२ अंश अक्षांशापर्यंत ते दिवसाला सुमारे साडेतीन हजार उभे आलेख देतं, म्हणजे कुठल्या उंचीवर किती ओझोन हेही कळतं. मात्र नकाशा विरळ, ठिपक्या-ठिपक्यांचा.

कॅनडाच्या सायसॅटवरचं एसीई तिसऱ्या जातीचं. उपग्रहाच्या नजरेतून सूर्य उगवता-मावळताना तो थेट सूर्याकडे बघतो. अचूकता मोठी, पण दिवसाला तीसच्या आसपासच संधी. अवरक्त लहरींत, ९.६ मायक्रोमीटरला बघणारी यंत्रंही आहेत, पण गोठलेल्या अंटार्क्टिक पठारावर जमीन आणि हवा यांच्या तापमानातला फरकच इतका कमी की नवशिक्याने त्या वाटेला न गेलेलं बरं.

पहिल्या प्रकल्पाला ओएमआयचा रोजचा एक अंशाचा नकाशा आणि जोडीला एमएलएस, एवढं घ्या. ट्रोपोमीच्या मोहात पडू नका. एका दिवसाच्या फाइलींनीच लॅपटॉप धापा टाकायला लागतो.

डेटा उतरवणं, आणि जुलैतलं छिद्र

नासाच्या अर्थडेटावर फुकट खातं उघडा. ओएमआयचा एकूण ओझोन "स्तर तीन" मध्ये घ्या. स्तर दोन म्हणजे उपग्रहाच्या वाटेवरचे सुटे पिक्सेल, स्तर तीन म्हणजे ते अक्षांश-रेखांशाच्या चौकटीत बसवलेले. एका दिवसाची फाइल १८० ओळी आणि ३६० रकान्यांची असते. पहिली ओळ उत्तरेची की दक्षिणेची हे आधी तपासा. सहारावर बर्फ दिसलं तर नकाशा उलटा आहे.

तारखा चारच घ्या: १५ जुलै, १० सप्टेंबर, १ ऑक्टोबर, १ डिसेंबर. वर्षं दोन घ्या, २०१९ आणि २०२०. का, ते पुढे येईल.

आता गोष्ट. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी अत्यंत आनंदाने आली. तिच्या हिशेबाने १५ जुलैला छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे २.९ कोटी चौरस किलोमीटर आलं होतं. आकडा बघून मीही क्षणभर गप्प झालो, कारण नासाच्या नोंदीतला एका दिवसाचा विक्रम, ९ सप्टेंबर २००० चा, २.९९ कोटीचा आहे. आकडा अगदी शोभणारा. फक्त महिना जुलै. जुलैत तिथे छिद्र नसतं.

झालं होतं असं. नकाशात जिथे मोजणी नाही तिथे फाइलमध्ये एक खूणेची किंमत भरलेली असते, उणे १.२६७ गुणिले दहाचा तिसावा घात. हा आकडा २२० पेक्षा लहान आहे! संगणकाने इमानेइतबारे सगळी ध्रुवीय रात्र छिद्रात धरली. क्षेत्रफळ इतकं विश्वासार्ह का दिसलं, तेही आम्ही कागदावर काढलं. १५ जुलैला सूर्य विषुववृत्ताच्या २१.५ अंश उत्तरेला असतो. तिने सूर्य शिरोबिंदूपासून ८४ अंशांच्या आत असेल तेवढीच मोजणी ठेवली होती, म्हणजे ८४ वजा २१.५, साडेबासष्ट अंश दक्षिणेच्या खाली सगळा अंधार. त्या टोपीचं क्षेत्रफळ भरतं बरोबर २.८८ कोटी चौरस किलोमीटर. तिने ओझोन नव्हे, रात्र मोजली होती, आणि फार अचूक मोजली होती.

म्हणून फाइल उघडल्यावर पहिलं काम: शून्याखालच्या सगळ्या किमती "नाही" म्हणून बाजूला काढणं. त्यानंतर गुणवत्तेच्या खुणा बघणं. ओएमआयला २००७ पासून एक दुखणं आहे. त्याच्या नजरेतल्या काही ओळींसमोर काहीतरी आडवं आलंय, त्या ओळींचे पिक्सेल वापरायचे नसतात. स्तर तीनमध्ये ते बहुतेक गाळलेले असतात, स्तर दोन घेतलात तर तुम्हाला गाळावे लागतील. ट्रोपोमीला गुणवत्तेचा अंक ०.५ च्या वर असलेलेच घ्या.

पण गाळताना हात आखडता ठेवा. नासाच्या निंबस-७ उपग्रहावरच्या टॉम्स या यंत्राच्या प्रणालीत १८० डॉबसनखालच्या किमतींवर "संशयास्पद" अशी खूण पडायची, कारण इतका कमी ओझोन तोवर कुणी पाहिलेलाच नव्हता. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षणाच्या फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली तळावरच्या जुन्या डॉबसन यंत्राच्या नोंदींवरून मे १९८५ मध्ये छिद्र जाहीर केलं. उपग्रहाच्या लोकांनी त्या किमती फेकून दिल्या होत्या अशी दंतकथा सगळीकडे फिरते. प्रत्यक्षात त्या खूण लावून जपलेल्या होत्या, नासाचे शास्त्रज्ञ त्या तपासतही होते. तुम्हीही तसंच करा. कमी किंमत खूण लावून ठेवा, पुसू नका. ३० सप्टेंबर १९९४ ला ७३ डॉबसन नोंदलं गेलंय, आणि ते खरं आहे.

आणखी एक ध्रुवीय गंमत: ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे. मध्य अक्षांशांत "फार परावर्तन म्हणजे ढग" म्हणून पिक्सेल गाळतात. तोच नियम इथे लावलात तर अख्खा खंड गळून जाईल. ढगांची चाळण बर्फावर लावायची नाही.

क्षेत्रफळ: चौकटी मोजू नका, तोला

एक अंश बाय एक अंशाची चौकट विषुववृत्तावर सुमारे १२,३६० चौरस किलोमीटरची असते. ७०.५ अंशांवर ती ४,१३० ची होते, ८०.५ वर २,०४० ची, आणि ध्रुवाला चिकटलेली जेमतेम १०८ ची, म्हणजे पुणे शहराहूनही लहान. ७० अंशांच्या खाली अशा ७,२०० चौकटी आहेत. त्या सगळ्या विषुववृत्ताच्या मापाने मोजल्या तर ८.९ कोटी चौरस किलोमीटर भरतात, प्रत्यक्षात तिथे आहेत १.५४ कोटी. म्हणून प्रत्येक चौकटीला तिच्या मध्य अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं आणि मगच बेरीज.

कृती एवढीच. ४० अंश दक्षिणेखालच्या चौकटी घ्या, त्यातल्या खऱ्या मोजणीच्या आणि २२० खालच्या वेगळ्या करा, प्रत्येकीचं क्षेत्रफळ काढा, बेरीज करा. पायथनमध्ये दहा ओळी होतात. त्याच बेरजेसोबत दुसरी एक बेरीज काढायला मात्र विसरू नका: मोजणीच न झालेल्या चौकटींचं क्षेत्रफळ. १० सप्टेंबरला सूर्य अजून पाच अंश उत्तरेला असतो, त्यामुळे ७९ अंशांच्या खाली ८४ अंशांची अट पाळणारा उजेड पोचत नाही. तो न दिसलेला भाग ४७ लाख चौरस किलोमीटरचा. १ ऑक्टोबरपर्यंत तो आक्रसून तीन-साडेतीन लाखांवर येतो, महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीचं तुमचं उत्तर "इतकं, अधिक जास्तीत जास्त ४७ लाख" असं लिहायचं, आणि ऑक्टोबरचं जवळजवळ एका आकड्यात.

नासाची मंडळी ती पोकळी प्रारूपाच्या साहाय्याने भरतात, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्याशी हुबेहूब जुळणार नाही. पडताळणीसाठी दोन खुंट्या देतो. २०१९ मध्ये छिद्र ८ सप्टेंबरला १.६४ कोटी चौरस किलोमीटरपर्यंत गेलं आणि मग वाढायचं सोडून आकसलं, एक कोटीच्या खाली राहिलं. स्थितांबर, म्हणजे ओझोन असतो तो हवेचा वरचा थर, अचानक तापलं आणि ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांचा भोवरा खिळखिळा झाला, हे त्याचं कारण. २०२० मध्ये ते २० सप्टेंबरला २.४८ कोटीवर पोचलं, म्हणजे साडेसात भारत. तुमचं उत्तर याच्या आसपास यायला हवं. २०१९ चं १ ऑक्टोबरचं उत्तर २०२० पेक्षा मोठं आलं, तर फाइलींची नावं तपासा. दहातल्या नऊ वेळा चूक तिथेच असते.

अंधारात बघायचं असेल तर

ओझोन कमी झाला हे एकूण स्तंभ सांगतो. कुठून गेला हे कळायला उंची लागते, आणि तयारी कधी सुरू झाली हे कळायला रात्र. दोन्हीसाठी एमएलएस.

त्याच्या फाइलमध्ये दाबाच्या प्रत्येक पातळीवर ओझोनचं प्रमाण असतं, हवेच्या एका रेणूमागे किती, असं. दहा लाखाने गुणलं की दहा लाख रेणूंतलं प्रमाण मिळतं. आधी चाळण: अचूकतेचा आकडा उणे असेल तर ती किंमत सोडा, स्थितीदर्शक अंक विषम असेल तर अख्खा आलेख सोडा, गुणवत्ता १ च्या वर हवी. मग एका थरातला ओझोन डॉबसनमध्ये आणायला एक सुटसुटीत सूत्र आहे: दहा लाखांतलं प्रमाण गुणिले थराच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक (हेक्टोपास्कलमध्ये) गुणिले ०.७८९.

करून बघा. १०० ते ५० हेक्टोपास्कल हा थर साधारण सोळा ते वीस किलोमीटरवर असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला तिथे सरासरी २ प्रमाण आहे असं धरा. २ गुणिले ५० गुणिले ०.७८९, म्हणजे ७९ डॉबसन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेच प्रमाण ०.१ वर आलं असेल तर उरले ४. या एकाच थराने ७५ डॉबसन गमावले. छिद्र म्हणजे सगळीकडून थोडं-थोडं विरळ होणं नाही. एका विशिष्ट उंचीवरचा ओझोन जवळजवळ सफाचट होतो, वरचा बराचसा जागेवर राहतो. हा आलेख स्वतः काढल्याशिवाय प्रकल्प पूर्ण झाला असं मी मानत नाही.

त्याच आलेखांबरोबर तापमानही मिळतं. ते उणे ७८ अंशांखाली गेलं की ध्रुवीय स्थितांबरी ढग तयार व्हायला लागतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ओझोन नष्ट करणारा क्लोरीन मोकळा होण्याची तयारी चालते. जून-जुलैतच हे दिसतं. प्रत्यक्ष नाश मात्र ऊन परतल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. एमएलएस क्लोरीन मोनॉक्साइडही मोजतं. तो ओझोनशेजारी एकाच कागदावर काढलात तर चोर आणि चोरी एकाच चित्रात सापडतात.

सरासरीचा सापळा

ध्रुवीय भोवरा काही कंपासने काढलेलं वर्तुळ नसतो. तो लांबट होतो, एका बाजूला सरकतो. सप्टेंबर २००२ मध्ये तर त्याचे चक्क दोन तुकडे झाले. त्यामुळे ६५ अंशाच्या एकाच वर्तुळावर एका बाजूला १८० आणि दुसऱ्या बाजूला ३८० सापडू शकतात, कारण भोवऱ्याच्या कडेबाहेर ओझोनने गच्च भरलेली कड असते. दोन्हींची सरासरी २८०, आणि अशी हवा त्या दिवशी त्या वर्तुळावर कुठेच नाही.

खरा उपाय म्हणजे भोवऱ्याची कड विभव-भ्रमिलतेवरून (हवेच्या फिरण्याचं एक माप) ठरवून आतली आणि बाहेरची हवा वेगळी करणं. पहिल्या प्रकल्पात ते झेपलं नाही तर निदान ६५ अंशावरच्या ३६० किमतींचा आलेख रेखांशानुसार काढा. त्यातला उतार डोळ्यांनाही दिसतो.

जमिनीवरून पडताळा

उपग्रहाला कुणीतरी खालून उत्तर द्यावं लागतं. कॅनडातल्या जागतिक ओझोन आणि अतिनील डेटा केंद्रातून स्थानकांच्या नोंदी मिळतात. मैत्रीवर हवामान खात्याचं ब्रूअर हे ओझोन मोजणारं यंत्र आहे, तिथून ओझोनसाँडचे फुगेही सोडले जातात. तुलना करताना त्याच दिवसाची, स्थानकापासून शंभरेक किलोमीटरच्या आतली उपग्रहाची किंमत घ्या. भोवऱ्याची कड जवळ असेल तर शंभर किलोमीटरही फार होतात, म्हणून त्या दिवसाचा नकाशा शेजारी ठेवा. फुगा तीस-पस्तीस किलोमीटरवर फुटतो. त्यावरचा ओझोन मोजलेला नसतो, तो बेरजेत वेगळा धरावा लागतो.

इथेही उजेडाचा प्रश्न सुटत नाही. डॉबसन आणि ब्रूअर थेट सूर्याकडे बघतात. सूर्य शिरोबिंदूपासून ८० अंशांवर गेला की अतिनील किरणांना ओझोनमधून पाचपट वाट कापावी लागते. लहान लहरींचा उजेड इतका मंदावतो की यंत्राच्या आत इकडेतिकडे विखुरलेला परका उजेडच जास्त होतो, आणि ओझोन खोटाच कमी दिसतो. शिवाय ओझोन अतिनील किती शोषतो हे त्याच्या तापमानावर अवलंबून असतं. डॉबसनच्या हिशेबात ते उणे ४६ अंश धरलंय, ध्रुवीय हिवाळ्यात प्रत्यक्षात उणे ८० असतं. एवढ्याने काही टक्क्यांची तफावत पडते. त्यामुळे स्थानक आणि उपग्रह यांच्यात तीन-चार टक्के फरक आला तर लगेच उपग्रहाला दोष देऊ नका. फरकाचा आलेख सूर्याच्या कोनानुसार काढा. कोन वाढेल तसा फरक वाढत असेल तर कारण उजेडात आहे.

यातूनच कधीकधी नवं काही हाती लागतं. १९२९ मध्ये आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटावर ग्योट्झ हे शास्त्रज्ञ डोक्यावरच्या आकाशाचा उजेड मोजत होते. सूर्य उतरत गेला तसं दोन लहरींचं गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे बदलत गेलं आणि क्षितिजाजवळ अचानक उलटं फिरलं. त्या उलट फिरण्यावरूनच, एकही फुगा न सोडता, ओझोन साधारण कोणत्या उंचीवर आहे ते काढता येऊ लागलं. उमकेर पद्धत म्हणतात ती हीच.

उत्तरेकडे जायचं असेल तर

कुणीतरी हमखास विचारतं, आर्क्टिकचं का नको? करा, पण २२० घेऊन जाऊ नका. वसंतात तिथे मुळात ४००-४५० डॉबसन असतात, भोवरा दुबळा आणि चंचल असतो, म्हणून मोठा नाश झाला तरी किंमत क्वचितच २२० खाली जाते. २०२० च्या मार्चमध्ये भोवरा असाधारण घट्ट राहिला तेव्हा १२ तारखेला २०५ ची नोंद झाली, ती बातमी ठरली. तिथे मार्च महिन्याची, ६३ अंशांच्या वरची सरासरी घ्या आणि १९९७, २०११, २०२० ही तीन वर्षं इतर वर्षांशेजारी मांडा. १९९७ ला ओएमआय नव्हतं, त्यासाठी आधीच्या टॉम्सच्या फाइली लागतील, आणि दोन यंत्रांचे आकडे सरळ एकाखाली एक लावायचे नसतात. एमएलएसमध्ये ओझोनबरोबर नायट्रस ऑक्साइडही घ्या. हिवाळ्यात भोवऱ्यातली हवा खाली उतरते आणि वरचा ओझोन सोबत आणते, त्यामुळे झालेला नाश झाकला जातो. हवा किती उतरली हे नायट्रस ऑक्साइड सांगतो.

अहवालाच्या तक्त्यात तारीख, यंत्र आणि डॉबसन यांच्याशेजारी आणखी एक रकाना आखून घ्या: सूर्याचा कोन. एमएलएसच्या ओळीत तिथे "लागू नाही" लिहायचं. मी तपासताना आधी तोच रकाना वाचतो.